वेगवान मोटारीची निगा

वेगवान मोटार रस्त्याने गेली म्हणजे आपले डोळे दिपतात. परंतु ती नीट राखण्यास काय लागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. इटलीतील मारानेल्लो येथे १९९४ ते १९९९ या काळात तयार झालेली फेरारी एफ-३५५ ही गाडी आपण उदाहरणादाखल घेऊं.

हिच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनांत चाळीस झडपा आहेत. त्यांची उघडझाप दट्ट्यांच्या गतीशी जुळती ठेवण्याचे काम दांतेरी रबरी पट्टे करितात. पट्टा तुटल्यास झडपा व दट्टे एकमेकांवर आदळून इंजिनाची नासाडी होते. रबर नुसते उभ्या गाडींतही जुने होते. म्हणून कांही वर्षांनी पट्टे बदलावेच लागतात. पट्ट्यांची किंमत त्या मानाने थोडी. पण त्यांसाठी सबंध इंजिन गाडीबाहेर काढावे लागते. खरा खर्च मजुरीचा!

मग हे काम घरीच कां करूं नये? तेल व हवेची गाळणी बदलणे, चाकांतील हवा पाहणे, ही कामे मालकाने शिकून अवश्य करावी, असे आम्हांस वाटते. मात्र केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरूं नये. पट्टा बसविण्यांत थोडी चूक झाली, तरी वाचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो; ते काम जाणत्या कारागिराचेच होय.

जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून भुलणाराने प्रथम एवढेच विचारावे: पट्टे केव्हां बदलले?