किट विकत घेणार मालक, घालणार मजूर: मग ऐकायचं कुणाचं?

व्हिडिओत ध्येयाचा मुद्दा घाईत आटोपला, म्हणून इथे नीट लिहितो.

मागच्या बॅचमध्ये घाटंजी तालुक्यातला एक मुलगा होता. घरी आईचं शिलाई मशीन आणि डोक्यात एक उद्योग: कपाशीवर फवारणी करणाऱ्यांसाठी सुरक्षा किट तयार करून विकायचं. टोपी, मास्क, चष्मा, हातमोजे, वरून कोट. नमुना छान दिसत होता. मी लगेच किंमत, पॅकिंग, कृषी केंद्रवाल्याचं कमिशन यावर सुरू झालो. चूक माझी. पहिला प्रश्न विचारायचाच राहिला होता, की हे अंगावर कोण घालणार?

शेवटी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, इकत घेनार मालक, घालनार मजूर."

इथेच खरी गोम आहे. मालकाला स्वस्त पाहिजे. मजुराला असं पाहिजे, की उकाड्यात चार तास अंगावर राहील. दोघांचं जमलं नाही तर तुम्ही कुणाकडे झुकणार? हे आधी ठरलेलं नसेल, तर दर वेळी पैसे देणाराच जिंकतो.

आपल्या जिल्ह्यात तर हा जिवाचा प्रश्न आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि औषध अंगावर यायचं. पुढे सुरक्षा किटची खूप चर्चा झाली, वाटपही झालं. तरी आज कुठल्याही धुऱ्यावर उभे राहा, किट घालून फवारणारा किती वेळा दिसतो?

दोष मजुराला देणं सोपं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उलटं केलं. तिथे लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, तर धोका. पण गावातल्या निरक्षर सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. "बाई शिकलेली नाही" म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही. एक साधी पाटी तयार केली. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. शोधग्रामचा दवाखानासुद्धा असाच. आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटायची, म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला आणि त्यांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. मण्यांची पाटी बनवणं हे त्यांचं ध्येय नव्हतं. मूल मरू नये, हे होतं. ते पक्कं असल्यामुळे उपकरण सुईणीच्या हाताप्रमाणे बदलता आलं. आपल्यापैकी बरेच जण उलट करतात. वस्तूच्या प्रेमात पडतात आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतात.

त्या मुलाला मी सांगितलं, आठ दिवस विक्री बंद. पहाटे फवारणीवर जा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभा राहा, सल्ला देऊ नको, फक्त बघ. तो वही भरून आला. मास्क गळ्यात लटकतो, कारण खर्रा थुंकायचा असतो. (हसू नका, आपल्याकडे हा डिझाइनचा मुद्दाच आहे.) घामानं चष्म्यावर वाफ धरते. बाटलीचं झाकण उघडताना जाड मोजे निघतात. आणि जे त्याच्या नमुन्यात कुठेच नव्हतं ते हे: पाठीवरचा पंप गळतो, त्यामुळे पाठ ओली होते. त्याचा कोट समोरून जाड आणि मागून पातळ होता.

त्या वहीतून त्याचं ध्येय निघालं. फवारणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी आला पाहिजे. एवढंच. मग त्यानं पाठीला न झिरपणारा जाड तुकडा लावला, समोरून बटणं काढून बंद ठेवले आणि किट कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवलं. तुम्हीही जिवाशी संबंधित वस्तू करत असाल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय बाजारात आणू नका. चष्म्याच्या वाफेचं उत्तर त्याला अजून सापडलेलं नाही.

नेतृत्वाचा मुद्दा इथे येतो. एकदा तो बाहेरगावी होता. कृषी केंद्रवाल्यानं त्याच्या आईला फोन केला, "मावशी, पाठीचा तुकडा काढा, चाळीस रुपये कमी करा, शंभर नग घेतो." माउलीनं नाही म्हटलं. पोराला विचारायचीही गरज पडली नाही. शंभर नगांची ऑर्डर गेली, हे मी लपवत नाही. त्या महिन्यात घरात त्यावरून वादही झाला. पण मागच्या आठवड्यात एका मजुरानं स्वतःच्या पैशानं किट घेतलं. मालकाच्या नाही, स्वतःच्या.

आता तुमचं काम. वहीच्या एका पानावर दोन नावं लिहा: तुमच्या वस्तूचे पैसे देणारा आणि ती वापरणारा. दोन्ही एकच असतील तर काम सोपं. वेगळे असतील तर वापरणाऱ्याजवळ एक पूर्ण सकाळ घालवा, मोबाईल खिशात ठेवून. तो वस्तू कुठे काढून ठेवतो, कुठे शिव्या देतो, कुठे दोरी बांधून जुगाड करतो, तेवढंच लिहा. पुढच्या व्हिडिओच्या आधी ते पान तयार ठेवा, त्यावरूनच किंमत काढायला शिकू.