वाचनात अडणारी मुले : कायदा, शाळा आणि दाखला

दरवर्षी जानेवारीत आमच्या कार्यालयात काही पालक एकाच मागणीसाठी येतात. मूल दहावीस असते, परीक्षा तोंडावर आलेली असते आणि कोणीतरी सांगितलेले असते की, दवाखान्याचा दाखला आणल्यास पेपरला जादा वेळ मिळतो. बारामती व इंदापूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने आलेल्या या मंडळींना, असा दाखला धर्मादाय रुग्णालयास देता येत नाही, हे सांगणे माझ्या कामातील अप्रिय भाग होय. गतवर्षी एक वडील म्हणाले, "साहेब, पोरगं तोंडी सगळं सांगतं, लिहायला बसलं की अडतं." हे वाक्य सात वर्षे आधी कोणी नोंदवून घेतले असते, तर पुढचे बरेच सोपे झाले असते. म्हणून हा विषय यंदाच्या अहवालात आमच्या देणगीदारांसमोर व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर मांडत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे मंदबुद्धी नव्हे, आळसही नव्हे. बुद्धी सर्वसाधारण वा त्याहून चांगली असूनही अक्षर व ध्वनी यांची सांगड मेंदूत सहजी बसत नाही. असे मूल 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत गोंधळते, वेलांटी-उकार गाळते, जोडाक्षरापाशी थबकते. हुशार मूल धडा ऐकून पाठ करते व पुस्तक समोर धरून 'वाचून' दाखवते. त्यामुळे तिसरी-चौथीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र वाचता न येणारे प्रत्येक मूल या वर्गात मोडत नाही. उसाच्या हंगामात आईवडिलांबरोबर आपल्या भागातील कारखान्यांवर आलेल्या ऊसतोड मजुरांच्या मुलाची शाळाच बुडालेली असते. त्याला शाळा हवी, दाखला नव्हे.

या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ पासून सुरुवात केली व त्यात आपले राज्य देशात अग्रेसर होते. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सौम्य धोरण, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित व कार्यानुभव, असे त्यांचे स्वरूप होते. पुढे २००७ साली 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. तरीही सवलत ही राज्याच्या आदेशावर उभी होती. तिला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला.

कायद्याची दोन कलमे प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावीत. शासनाने अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांबाबत काय करावे, हे कलम १६ मध्ये आहे : मुलांतील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे, त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलणे आणि प्रगतीवर लक्ष ठेवणे. कलम १७ मध्ये शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आहे, तसेच परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. यातील परीक्षेचा भाग सर्वांना ठाऊक असतो. ओळखणे व शिकवणे हा आधीचा भाग बहुधा कोणाला नसतो. हिशेब लिहिण्याची सवय असलेल्या माणसास हे जमा बाजू न लिहिता खर्च टाकण्यासारखे वाटते. कलम १६ मधील क्रियापदही 'प्रयत्न करील' असे सौम्य आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

दाखल्याचा क्रम केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तिसरीच्या सुमारास शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावयाची, बालरोगतज्ज्ञांनी दृष्टी व श्रवण यांसह तपासणी करावयाची, मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यंक व वाचन-लेखनाच्या चाचण्या घ्यावयाच्या. दाखला वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतो. चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायम राहतो. चौदावे वर्ष म्हणजे साधारण आठवी-नववी. जुना कागद जपून ठेवलेले पालक नेमके येथेच चुकतात. अर्ज केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर करावयाचा असतो व दाखला शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडूनच मिळतो. पुण्यात ससून रुग्णालयात ही सोय आहे. परंतु बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहून अधिक अंतर, एकापेक्षा अधिक खेपा आणि दर खेपेस बुडणारी मजुरी, हा या दाखल्याचा खरा खर्च होय.

काही पालक दाखला नकोच म्हणतात. 'दिव्यांग' हा शब्द मुलीच्या नावापुढे कायमचा चिकटेल, उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारील, ही भीती खोटी नाही. दाखला ऐच्छिक आहे. शिकवण्याची पद्धत बदलण्यासाठी मात्र शाळेने दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चाळीस टक्के वा अधिक प्रमाण असल्यास उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळू शकतो, हेही अशा पालकांना ठाऊक असावे.

कागद हाती असूनही हक्क हुकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. लेखनाची अडचण असलेल्या मुंबईच्या एका विद्यार्थिनीस २०२१ च्या 'नीट' परीक्षेत एक तास जादा मिळावयास हवा होता. केंद्रावर तो नाकारून उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अन्याय असल्याचे म्हटले, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असाही निर्णय त्याच न्यायालयाने दिला होता.

पालकांनी तिसरी-चौथीतच वर्गशिक्षकांशी बोलावे आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विशेष शिक्षकांविषयी लेखी विचारणा करावी. मुलाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. तज्ज्ञ त्या पाहतात. दृष्टी, श्रवण व बालरोग यांची प्राथमिक तपासणी आमच्या बाह्यरुग्ण विभागात होते. तेथील कागद पुण्यास जाताना बरोबर न्यावेत. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो, म्हणून नववी संपण्यापूर्वी दाखल्याची प्रत मुख्याध्यापकांकडे देऊन पोच घ्यावी.