कुत्र्याची नखे आणि जिव्हाळी

कुत्र्याची नखे काढावी लागतात असे सांगितले, की आमच्या मच्छे गावातली जुनी माणसे हसतात. त्यांचे हसणे अगदीच चुकीचे नाही. शेताच्या राखणीचा, दिवसभर बांधावरून आणि खडीच्या वाटेवरून धावणारा कुत्रा आपली नखे आपणच झिजवतो. परंतु औद्योगिक वसाहतीच्या आसपास घरे वाढली, अंगणात फरशी आली आणि कुत्रा साखळीला बांधला गेला. २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेला आपल्याजवळचा मुधोळ कुत्रा घ्या. तो मुळी धावण्यासाठीच घडलेला. तोही गुळगुळीत फरशीवर बसून राहिला तर नख झिजणार कशावर? चालताना टकटक आवाज येऊ लागला, की नखे वाढली असे खुशाल समजावे. वाढलेले नख जमिनीला टेकून बोट मागे रेटते. दुखते म्हणून कुत्रा पाऊल चोरून टाकतो आणि घरचे म्हणतात, आळशी झाला!

पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार अशी साधारणतः १८ नखे असतात. पुढच्या पायाचे आतल्या बाजूचे नख जमिनीला लागतच नाही. ते वळून मांसात रुतू शकते. कुणाचाही कुत्रा दिसला की मी प्रथम तेच पाहतो.

नखाच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्याला आपल्या भाषेत जिव्हाळी असा नेमका शब्द आहे. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही. तेथे टोकाची एकेक पातळ चकती काढावी व दर वेळी कापलेली बाजू पाहावी. मध्यभागी काळसर ठिपका दिसताच थांबावे.

नख वाढते तशी जिव्हाळीही पुढे सरकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून कित्येक महिन्यांचे नख एकाच बैठकीत आखूड करू गेल्यास रक्त येणारच. दर आठवड्याला टोक थोडे थोडे काढत गेल्यास जिव्हाळी हळूहळू मागे हटते.

हत्यार धारदार व कुत्र्यांसाठीचेच असावे. माणसांचा नेलकटर जाड, गोल नख चिरडतो. आधी काही दिवस नुसता पंजा हातात घ्यावा, भाकरीचा तुकडा द्यावा. मग एके दिवशी एकच नख काढावे. एकाने धरावे व बोलत राहावे, दुसऱ्याने कापावे. झटापट सुरू झाली तर सोडून द्यावे. उद्याचा दिवस आहेच.

रक्त आलेच, तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉर लावून स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरावे. कुत्रा चावला तर, घरचा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजच्या लशीविषयी विचारावे. मांसात रुतलेल्या नखाला मात्र घरी हात लावू नये. ते काम गुरांच्या डॉक्टरांचे.