घटक ४ : केंद्रीय गृहमंत्रालय – इतिहास आणि रचना

४.१ प्रास्ताविक

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची आपण मागील घटकात पाहिली. तिच्यातील पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसरा पोलीस हा आहे. आपल्या गावचे पोलीस ठाणे राज्य शासनाच्या अखत्यारीत येते. तेथील निरीक्षकाची बदली दिल्लीहून होत नाही. असे असताना केंद्रात गृहमंत्रालय कशासाठी, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

४.२ ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याचे बरेचसे लक्ष राजकीय चळवळींवर पाळत ठेवण्याकडे असे. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात हे खाते वल्लभभाई पटेल यांच्याकडे आले. म्हणजे ज्या यंत्रणेने ज्यांना तुरुंगात पाठविले, त्यांच्याच हाती ती यंत्रणा आली. पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय निवृत्तिवेतनाचे कामही याच मंत्रालयाकडे आले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुलै १९४७ मध्ये स्थापन झालेले संस्थान खातेही पटेलांकडेच होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर, १९५५ मध्ये, ते गृहमंत्रालयात समाविष्ट झाले. राज्य पुनर्रचना आयोग १९५३ च्या डिसेंबरमध्ये याच मंत्रालयाच्या ठरावाने नेमला गेला. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास गृहमंत्रालय टाळून पुढे जाता येत नाही.

४.३ केंद्र, राज्ये आणि सशस्त्र दले

या घटकाचा गाभा येथे आहे. अनुच्छेद ३५५ नुसार परचक्र आणि अंतर्गत अशांतता यांपासून राज्यांचे संरक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य आहे. कर्तव्य केंद्राचे आणि पोलीस राज्याचे, या फटीतूनच केंद्रीय दलांचा प्रश्न उद्भवतो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे मूळ १९३९ मधील आहे. सीमा सुरक्षा दल १९६५ च्या युद्धानंतर उभे राहिले. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली आणि आजवर पक्षांतर्गत चर्चेने सुटणारे मतभेद उघड्यावर आले. यशवंतराव चव्हाण त्या वेळी गृहमंत्री होते. सप्टेंबर १९६८ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा केरळात केंद्रीय राखीव पोलीस पाठविण्यात आले. राज्य सरकारने त्यास हरकत घेतली. आपल्या कार्यालयांच्या रक्षणासाठी केंद्राने राज्याची संमती घ्यावी काय, हा वाद होता.

आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या वादावर केंद्राच्या बाजूने उत्तर दिले. संघसूचीत २ क ही नवी नोंद आली, आणि राज्यात पाठविलेले दल राज्याच्या नियंत्रणाखाली राहणार नाही असे सांगणारा अनुच्छेद २५७ क घालण्यात आला. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हा अनुच्छेद वगळला; नोंद २ क मात्र कायम राहिली. अनुच्छेद गेला तरी अधिकाराचा पाया उरला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विद्यार्थ्यांनी दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

४.४ सध्याची रचना

मंत्रालयाचे प्रशासकीय प्रमुख केंद्रीय गृहसचिव असतात. अंतर्गत सुरक्षा, सीमा व्यवस्थापन, जम्मू-काश्मीर व लडाख, राजभाषा असे विभाग त्यात आहेत. केंद्रशासित प्रदेशांचा कारभारही येथूनच पाहिला जातो. १९८७ मध्ये घटकराज्य होईपर्यंत गोवा त्यांपैकीच होता. जनगणनेचे महानिबंधक कार्यालयही या मंत्रालयाच्या अधीन आहे. भारतीय पोलीस सेवेचे नियंत्रण गृहमंत्रालयाकडे असले, तरी भारतीय प्रशासन सेवेचे नाही. सेवाविषयक काम १९७० मध्ये वेगळ्या कार्मिक विभागाकडे गेले. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. विशिष्ट गुन्ह्यांचा तपास तिला राज्याच्या संमतीवाचून हाती घेता येतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. अनुच्छेद ३५५ आणि राज्यसूचीतील पहिल्या दोन नोंदी यांच्यातील ताण १९६८ च्या केरळमधील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. नोंद २ क कायम ठेवून अनुच्छेद २५७ क वगळल्याने राज्यांच्या स्थितीत काय फरक पडला?