किल्ल्यातले वाफे आणि मौलानांच्या चिमण्या

प्रश्न : नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंची खोली पाहिली. कैदेत असताना ते तिथं बागकाम करायचे, असं कळलं. सुटका कधी होणार ठाऊक नाही, बाहेर देश पेटलेला, आणि हा माणूस फुलझाडांसाठी वाफे खणतोय! मानसशास्त्र यावर काय म्हणतं? मला स्वतःला झाडाझुडपांची बिलकूल आवड नाही. माझ्यात काही कमी आहे का?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत धरपकड झाली आणि नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव वगैरे मंडळी नगरच्या किल्ल्यात आली. तिथल्या मातीबद्दल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त लिहून ठेवलंय. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्यारोड्यानं भरलेली. तरी ते रोज तासन् तास, उन्हातही, खणत असत. पुढं बहर बघायला आपण इथं असू की दुसऱ्या तुरुंगात, याची खात्री नसताना.

या ओढीला एरिक फ्रॉम या मानसशास्त्रज्ञानं 'बायोफिलिया' म्हटलं. जीवनाची, वाढीची आवड. फ्रॉम जर्मनीतला ज्यू. हिटलरच्या राजवटीत देश सोडून अमेरिकेत गेला. १९६४च्या 'द हार्ट ऑफ मॅन' या पुस्तकात त्यानं माणसाच्या मनाचे दोन कल मांडले. एकाला जे वाढतं, बदलतं, अंदाजाबाहेर जातं त्यात रस. दुसऱ्याला जे निश्चल, यंत्रवत, मुठीत राहणारं आहे त्याचं आकर्षण. हा कल माणसाच्या सगळ्या वागण्यात दिसतो, नुसत्या छंदात नाही.

म्हणून बाग बघून लगेच निष्कर्ष काढू नये. पट्टी लावून हिरवळ कापणारा आणि पोरांना तिच्यावर पाऊल ठेवू न देणारा गृहस्थ आपण सगळ्यांनीच पाहिलाय. माझ्या मते किल्ल्यातलं खरं उदाहरण वाफ्यांचं नाहीच, मौलानांच्या चिमण्यांचं आहे.

'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या उर्दू पत्रसंग्रहात ती हकिकत येते. चिमण्यांनी खोलीच्या छतात घरटी मांडली, काड्या-कचरा खाली पडू लागला. टापटिपीचे मौलाना आधी छत्री, मग बांबू घेऊन लढाईला उतरले. हरले. मग त्यांनी तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली, पाखरांना नावं दिली (एक मोती, एक कलंदर), आणि डोळे मिटून बसलेलं एक पिल्लू अचानक पंख पसरून कसं उडालं, हे तब्येतीनं लिहिलं. हे पत्र मार्च १९४३चं. एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी वारल्या. भेटीसाठी सरकारपुढं हात पसरायला त्यांनी नकार दिला होता. तेव्हा जीवनाची आवड म्हणजे सदा हसतमुख असणं, असं समजू नका.

फ्रॉम म्हणतो की ही वृत्ती वाढायला सुरक्षितता, न्याय आणि स्वातंत्र्य लागतं. किल्ल्यात यातलं काय होतं? पण लहानपणी जीवनाची आवड असलेल्या माणसांच्या सहवासात ती लागते, असंही तो सांगतो. नेहरू आणि मौलाना दोघंही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. शिदोरी आधीच बांधलेली होती.

जपणं म्हणजे मुठीत धरून ठेवणं नव्हे, हे कळायला आपल्याच जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे बघा. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे त्यांचं गाव. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान बियाणं त्यांनी जपलं, पण बियाणं नुसतं मडक्यात ठेवलं तर त्याची उगवणशक्ती जाते. ते पेरावं लागतं, दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं.

आता तुमचं. फ्रॉम तुमच्या कुंड्या मोजणार नाही. घरातलं पोर धडपडत सायकल शिकत असताना तुम्हाला मजा वाटते, की हँडल आपल्याच हातात घ्यावंसं वाटतं, हे तो विचारेल. हँडल घ्यावंसं वाटलं तरी घाबरू नका. दोन्ही कल बहुतेकांत मिसळलेलेच असतात, असं त्यानंच म्हटलंय. छत्री मौलानांनीही उगारली होती.