शनिवार-रविवारची सहल आणि तिचा हिशेब



सहामाही परीक्षा संपली कीं वर्गावर्गांतून एकच विषय ऐकूं येतो : येत्या शनिवारीं कोठें जावयाचें? कोणी मुंबईचें नांव घेतो, कोणी साताऱ्याचें, कोणी कोल्हापूरचें. मोबाइलवर गाड्यांच्या वेळा पाहिल्या जातात, आणि पहिल्या अर्ध्या तासांत समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढावयाचें कीं तोंड करून, येथपर्यंत मजल जाते. दोन दिवसांनीं चौकशी करावी तर बेत मोडलेला असतो. कारण विचारलें तर उत्तर मिळतें, "सर, पैशांचें जमलें नाहीं." या 'जमलें नाहीं'च्या पोटांत काय असतें आणि तें जमवावें कसें, याचा थोडा विचार करण्यासाठीं हा लेख आहे. यांत गणित येईल. परंतु तें इयत्ता सातवीच्या पलीकडचें नाहीं.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, मी शिक्षकी पेशांत नवीन असतां, नववीच्या पांच मुलांनीं माझ्यासह एका शनिवारीं मुंबई पाहून यावें असें ठरलें. प्रत्येकास घरून किती पैसे मिळतील, हें मीं चारचौघांत मोठ्यानें विचारलें. एकानें पांचशें सांगितले, दोघांनीं तीनशें, एकानें अडीचशें, आणि शेवटच्यानें खालीं पाहत दीडशें. बेरीज पंधराशें, भागिले पांच, सरासरी तीनशें. फळ्यावर तीनशेंचा आंकडा लिहून मीं वर्गणी जाहीर केली आणि आपण मोठा न्याय केला अशा समाधानांत घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं तो शेवटचा मुलगा येऊन म्हणाला, "सर, आजी आजारी आहे. मला येतां येणार नाहीं." मीं आजीस आराम पडो असें म्हटलें आणि चार मुलांचीं तिकिटें काढलीं.

शनिवारीं सकाळीं तो आम्हांस निरोप देण्यास स्टेशनावर आला होता. हातांत वर्तमानपत्रांत बांधलेल्या दशम्या होत्या. त्या त्यानें खिडकींतून मित्रांच्या हातीं दिल्या आणि गाडी हलेपर्यंत तो फलाटावर उभा राहिला. पुढें महिन्याभरानें पालकसभेस त्याची आजीच आली, चांगली धडधाकट. मला म्हणाली, "सहल झाक झाली म्हणं, सर. आमच्या पोराचं नशीबच खोटं. सगळ्या जागा भरल्या असं सांगत आला." मजजवळ त्यानें आजीचें आजारपण सांगितलें होतें, आजीजवळ भरलेल्या जागा. दोन्ही ठिकाणीं त्यानें झांकलें तें एकच, आणि तें उघडें पडण्याची वेळ माझ्या भागाकारानें आणली होती.

सरासरी हें उपयुक्त साधन आहे, यांत शंका नाहीं. पावसाचें मान, पिकाचा उतारा, वर्गाचे गुण यांसाठीं ती काढावीच. परंतु सरासरी ही कोणाच्याच खिशांत नसते. नदीची सरासरी खोली काढून सारें कुटुंब पाण्यांत घालणाऱ्या गणिती गृहस्थाची गोष्ट तुम्हीं ऐकली असेल. आम्हीं तेंच केलें. दीडशेंवाल्यास तीनशेंच्या डोहांत उतरा म्हणालों. सर्वांनीं मिळून करावयाच्या सहलीच्या गणितांत धरावयाचा आंकडा सरासरीचा नव्हे. सर्वांत लहान असेल तो. तो आधीं ठरवावा, आणि गांव, गाडी, जेवण हीं सर्व त्याच्या आंत बसवावीं. आपण नेमकें उलट करतों. गांव आधीं ठरवितों आणि मग माणसें गाळतों.

तो लहान आंकडा कळावा कसा? तोंडानें विचारूं नये. प्रत्येकास सारख्या आकाराचा कागदाचा तुकडा द्यावा, त्यावर नांव न घालतां आपणांस झेपेल ती रक्कम लिहावी, घडी करून टोपींत टाकावी. एकानें चिठ्ठ्या उघडाव्या, लहानांत लहान आंकडा तेवढा वाचावा आणि सर्व चिठ्ठ्या तत्काळ फाडून टाकाव्या. ती चिठ्ठी कोणाची, याचा तर्क कोणी चालवूं नये. कित्येक सधन मुलांस वाटतें कीं, "त्याचे मी भरीन, त्यांत काय?" हेतु चांगला असतो. पण दुसऱ्याच्या पैशानें गेलेला मुलगा दिवसभर दुसऱ्याच्या मतानें चालतो; खिडकीजवळची जागा मागत नाहीं, भूक लागली तरी बोलत नाहीं. ज्यास अधिक द्यावयाचे असेल त्यानें घरून अधिक पोळ्या आणाव्या. पोळ्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

आम्ही त्या दिवशीं ज्या गाडीनें गेलों तिचा इतिहास या संदर्भांत सांगण्यासारखा आहे. डेक्कन क्वीन, म्हणजे आपली दख्खनची राणी, १ जून १९३० रोजीं सुरू झाली. प्रारंभीं ती केवळ शनिवार-रविवारीं धावे आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींस येणाऱ्या मुंबईच्या श्रीमंत मंडळींची सोय पाही. तींत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला प्रथम जोडला गेला तो जून १९५५ मध्यें. म्हणजे शनिवार-रविवारच्या सहलीसाठीं निघालेल्या या गाडींत साध्या माणसास बसावयास पंचवीस वर्षें थांबावें लागलें. आज ती रोज धावते, सकाळीं सव्वासातच्या सुमारास पुणें सोडते आणि सायंकाळीं पांच वाजून गेल्यावर मुंबईहून परत फिरते. एका दिवसांत मुंबई पाहूं इच्छिणाऱ्यांस ही वेळ फार सोयीची आहे. मात्र शनिवारीं गर्दी असते. जागा राखून ठेवावयाची तर कांहीं आठवडे आधीं ठेवावी, नाहींतर दुसऱ्या एखाद्या गाडीचें अनारक्षित तिकीट काढून पहांटे लवकर निघावें. तें सर्वांत स्वस्त पडतें.

आतां खर्चाची मांडणी पाहूं. समजा, आजच्या मानानें लहानांत लहान चिठ्ठी ५०० रुपयांची निघाली. जाण्यायेण्याचें भाडें २४० धरा. शहरांतल्या शहरांत बस किंवा लोकल यांसाठीं ५०. डबा घरचा, म्हणून चहापाणी व एक वेळचा फराळ यांस ११०. प्रवेशशुल्कास ५०. उरले ५०, ते शिलकेंत. त्यांस कोणी हात लावावयाचा नाहीं. चुकलेली गाडी, तुटलेली वहाण, डोकेदुखीची गोळी यांसाठीं एक दशांश रक्कम बाजूस ठेवल्याखेरीज घरांतून निघूं नये. हे आंकडे उदाहरणादाखल आहेत; खरीं भाडीं त्या त्या वेळीं पाहून घालावीं. मुलींच्या गटांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांस निम्में भाडें पडतें. त्यामुळें कित्येकदां सातारा मुंबईहून स्वस्त पडेल.

प्रवेशशुल्काच्या रकमेवरून सर्वांत अधिक वाद होतात. त्यावर माझा एक नियम आहे : पैसे देऊन पाहावयाची गोष्ट एका दिवसांत एकच, आणि ती मतानें ठरवावी. घारापुरीचीं लेणीं पाहावयाचीं तर नावेचें जाण्यायेण्याचें भाडें आणि समुद्रावरचा एकेक तास गेला. मग दिवसांत दुसरें कांहीं मागूं नये. तीं सोमवारीं बंद असतात, शनिवारची अडचण नाहीं. पावसाळ्यांत मात्र समुद्राचा भरंवसा धरूं नये. घारापुरी नको असेल, तर तुम्हांस वाटतें त्याहून किती तरी अधिक मुंबई पायांच्या जोरावर फुकट पाहतां येते.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासूनच आरंभ करावा. गाडींतून उतरलेले लोक या इमारतीकडे पाठ करून धांवत सुटतात. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन पंधरा मिनिटें मान वर करून पाहा. १८७८ सालीं हिचें काम सुरू झालें, तें सुमारें दहा वर्षें चाललें. २००४ सालीं ती जागतिक वारशांत गणली गेली. या इमारतीहून जुनें जें बोरीबंदर, तेथूनच १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्याकडे या देशांतील उतारूंची पहिली आगगाडी निघाली. तेथून दक्षिणेकडे चालूं लागावें. टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या, १८३३ सालच्या. त्यांवर बसून डबा खाण्याचा मोह आवरावा आणि समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेंत सांवली शोधावी. पुढें हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत पडलेल्या लोकांचें हें स्मारक आहे. येथें छायाचित्राआधीं क्षणभर उभें राहावें.

मग ओव्हल मैदान. मुंबई कमी खर्चांत शिकावयाची तर या मैदानाच्या मध्यभागीं उभें राहावें, असें माझें मत आहे. पूर्वेस तोंड केलें कीं विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर. हा टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनीं पैसा दिला आणि आपल्या आईचें नांव त्यास दिलें. टोंकदार कमानी, कोरीव दगड, सगळें एकोणिसावें शतक. जागेवरच पश्चिमेस वळा. गोल कोपऱ्यांचीं, आडव्या पट्ट्यांचीं, आगबोटीसारखीं दिसणारीं घरें. हीं १९३० नंतरच्या काळांतलीं. दोन युगें आणि मध्यें चेंडूफळी खेळणारीं मुलें. या दोन्ही बाजू मिळून २०१८ सालीं जागतिक वारशांत घेतल्या गेल्या, आणि त्या पाहण्यास तिकीट नाहीं. तेथून वस्तुसंग्रहालय जवळ आहे. १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें. पैसे देऊन पाहावयाची एक गोष्ट हीच असावी, असें मी तरी सुचवीन. शेजारीं जहांगीर कलादालन विनामूल्य. पुढें दहा मिनिटांवर १९२४ सालीं पुरें झालेलें गेट वे, आणि समुद्र. स्टेशनापासून येथवर अंतर सुमारें अडीच किलोमीटर. रमतगमत तीन-चार तास सहज जातात. येथून स्टेशनावर परत चालत जाण्यास पाऊण तास हातीं ठेवावा.

मुक्काम करावयाचा तर खर्च एकदम दुप्पट होतो. म्हणून प्रथम रात्र वांचवितां येते का तें पाहावें. शनिवारीं रात्रीं घरीं परतलें म्हणजे रविवार उपासनेस आणि विश्रांतीस मोकळा राहतो. शिवाय रविवारीं दुरुस्तीसाठीं मुंबईच्या लोकल गाड्या कांहीं मार्गांवर तासन्‌तास बंद ठेवतात, हें पुणेंकरांच्या ध्यानांत राहत नाहीं. राहावयाचेंच असेल तर नातलगाचें घर सुचतें. येथें मला पालकांस एक विनंती करावयाची आहे. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरांत पांच मुलें पाठवितांना त्या घरच्या माउलीस आठवडाभर आधीं विचारावें. पाणी पहांटे किती वाजतां येतें आणि किती वेळ टिकतें, हें तिलाच ठाऊक असतें. मुलांनीं अंथरुणावरच्या चादरी बरोबर न्याव्या, उठल्यावर घड्या घालाव्या, आणि एका वेळचें जेवण बाहेर करावें. ज्या घरीं फुकट राहिलों त्या घरीं खर्च झाला नाहीं, असा हिशेब करणारा मुलगा गणितांत नापास समजावा.

आतां वांटणी. मीं कित्येक मैत्र्या सहलीनंतरच्या "तूं दे, मग पाहूं" या चार शब्दांवर आंबलेल्या पाहिल्या आहेत. उत्तम मार्ग हा कीं, वर्गणी आधींच गोळा करावी, एक खजिनदार नेमावा, आणि त्यानें प्रत्येक खर्च जागच्या जागीं वहींत टिपावा. मोबाइलनें पैसे देण्याची सोय झाली तरी वही सोडूं नये, आणि थोडी रोकड वेगळी ठेवावी. मोबाइल नेमका सायंकाळीं बंद पडतो. ज्यानें त्यानें वाटेंत खर्च केला असेल, तर असें करावें. समजा पांच जणांचा एकूण खर्च २,३५० झाला. प्रत्येकाचा वांटा ४७०. पहिल्यानें १,२०० दिले होते, त्यास ७३० परत यावयाचे. दुसऱ्यानें ८००, त्यास ३३०. तिसऱ्यानें ३५० दिले, त्यानें आणखी १२० द्यावे. चौथ्या-पांचव्यानें कांहीं दिलें नाहीं, त्यांनीं प्रत्येकीं ४७० द्यावे. देणें १,०६०, येणें १,०६०. दोन्ही बाजू जुळल्या. हें काम परतीच्या गाडींत, कर्जत ओलांडण्यापूर्वीं संपवावें. घाट लागला कीं कोणी वहींत डोकें घालीत नाहीं.

आम्हीं दुसऱ्या वर्षीं पुन्हां बेत केला. तेच पांच जण, या वेळीं चिठ्ठ्यांनीं. लहानांत लहान आंकडा १६० निघाला. पहांटेच्या गाडीचीं अनारक्षित तिकिटें काढलीं, सर्व मुंबई पायीं पाहिली, वस्तुसंग्रहालयास बाहेरून नमस्कार केला. खजिनदार सर्वांनीं त्यालाच केलें होतें. परततांना कर्जतला घाट चढविण्यासाठीं गाडीस मागून जादा इंजिनें जोडीत होते, तेव्हां त्यानें वही मिटून सांगितलें कीं, शिल्लक चार वड्यांपुरती आहे. खाणारीं तोंडें सहा. त्यानें वडे घेतले, कागदावर मांडले, आणि प्रत्येकाचे तीन तुकडे केले. एकूण बारा, प्रत्येकीं दोन. कोणाचा तुकडा मोठा आणि कोणाचा लहान, हा वाद लोणावळ्यापर्यंत चालला होता.