दोघांचीही पदवी तिकडे चालते का?

शिक्षक जोडपं परदेशी निघालंय म्हटलं की आपल्याकडे पहिली चौकशी पगाराची होते. पौंडाचा भाव काय, डॉलरचा काय, महिन्याला हातात किती उरतात. आम्हा दोघांनाही सगळे हेच विचारत होते. पण आम्हाला अडवलं ते वेगळ्याच प्रश्नानं, आणि तो प्रश्न आमच्यासारख्या तरुण शिक्षक घरांनी सगळ्यात आधी विचारावा म्हणून हे लिहितोय.

मी डी.एड. झालेला, अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवतो. नंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. बायको बी.एस्सी. बी.एड., संगमनेरकडच्या एका अंशतः अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवते. टप्पा अनुदानाच्या आदेशाची वाट बघत घर कसं चालतं, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. शिक्षणसेवक म्हणून मी महिना 6 हजारांवर काम केलं. ते मानधन 16 हजार झालं 2023 साली. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनही नाही. अशा घरात बाहेर जायचा विचार आला तर त्याला कुणी हावरटपणा म्हणू नये. आणि नगर जिल्ह्याला शिक्षकांचं समुद्र ओलांडणं नवीन नाही. सावित्रीबाईंनी नगरला ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले त्या मिस फॅरार अमेरिकेतून आलेल्या, आणि 1947 साली अहमदनगर कॉलेज काढणारे डॉ. हिवाळे अमेरिकेत शिकून परत आलेले.

फेब्रुवारी 2023 पासून इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना क्यूटीएस, म्हणजे तिथला शिक्षकाचा दर्जा, थेट अर्ज करून मिळवायची सोय केली. बायकोनं नियम नीट वाचून काढले. भारतातल्या अर्जदारासाठी गणित, विज्ञान किंवा भाषा हा विषय हवा, आणि तोही 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता हवी. पदवी हवी, पदवीच्या तोडीचं शिक्षक-प्रशिक्षण हवं, अनुभव हवा. ती यात बसत होती. मी कुठेच बसत नव्हतो. बारावीनंतरच्या डी.एड.ला तिथं पदवीचं मोल नाही, आणि प्राथमिकचा शिक्षक तर त्या यादीतच नाही.

नगरमधल्या एका कन्सल्टन्सीत आम्ही दोघं गेलो. समोरच्या साहेबांनी बायकोची फाईल चाळली, माझी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, “मॅडमचं काम होतंय. सर, तुम्ही डिपेंडंट म्हणून चला. तिकडे वेअरहाउसमध्ये कामाला तोटा नाही.” त्यासाठी त्यांनी 7 लाख मागितले. वेअरहाउसचं काम कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण माझ्या वर्गात ठाकर आणि महादेव कोळी घरांतली मुलं येतात. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. घरातल्या शब्दापासून फळ्यावरच्या अक्षरापर्यंत त्यांना हाताला धरून कसं आणायचं, हे मला येतं. माझं सगळं कसब त्या कामात आहे. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, “अहो, मी एकटीनं शिक्षक राहायचं आणि तुम्ही नाही, हे मला झेपणार नाही.” पगाराच्या आकड्यांत हे कुठेच मांडलेलं नव्हतं.

मग आम्ही पैसेही नीट मांडले. क्यूटीएसच्या अर्जाला फी नाही. नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला इंग्लंडच्या कायद्यात बंदी आहे. मग ते 7 लाख कशाचे, याचं उत्तर मिळालं नाही. उलट जो खर्च खराच आहे त्याचा उल्लेखही झाला नव्हता. फेब्रुवारी 2024 पासून आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आणि लहान मुलाला 776. आम्ही दोघं आणि मुलगी, 3 वर्षांचा व्हिसा धरला तर 8,538 पौंड, आणि तेही अर्जासोबतच भरायचे. रुपयांत नऊ-दहा लाखांच्या घरात. व्हिसाची फी, तिकिटं, घराचं डिपॉझिट वेगळं. शिवाय कायम वास्तव्यासाठी 5 ऐवजी 10 वर्षं करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारनं 2025 मध्ये मांडला. जमीन गहाण टाकून जाणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं की नियम वाटेतही बदलतात.

इतर देशांची चौकशीही केली. अमेरिकेचा जे-1 शिक्षक व्हिसा 3 वर्षांचा, वाढवून फार तर 5. तो जाऊन येण्यासाठी आहे, स्थायिक होण्यासाठी नाही. कॅनडात पीआर मिळालं म्हणजे वर्ग मिळाला असं नसतं, शिकवण्याचा परवाना प्रत्येक प्रांताचा वेगळा. आखातातल्या सीबीएसई शाळा कमाईसाठी चांगल्या, पण तिथं आयुष्यभराचं घर होत नाही. तिकडे जाताना एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघावं. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही.

आम्ही गेलो नाही. दोघंही शिक्षक असाल तर माझं स्पष्ट मत असं आहे: दोघांच्या पदव्या तिकडे चालत असतील, किंवा एकानं वर्ग सोडायला मनापासून, घरच्यांच्या दबावाशिवाय होकार दिला असेल, तरच पुढं जा. होकार देणारी बहुतेक वेळा बायको असते, म्हणून तिला दोनदा विचारा. डी.एड.वाल्यांनी आधी पदवी आणि बी.एड. पूर्ण करावं, इथल्या बढतीलाही ते लागतंच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी परवानगी आणि रजा लेखी मंजूर करून घ्यावी. न सांगता गेलात तर शिस्तभंगाची कारवाई होते आणि परतीचं दार बंद होतं.

बायकोनं क्यूटीएस मात्र मिळवून ठेवलंय. त्याला मुदत नसते. मी बी.एड.ला प्रवेश घेतलाय. तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर व्हिसा हातात पडेपर्यंत दोघांपैकी कुणीही राजीनामा लिहू नका.